हिरवी टिक आली म्हणून औषध अस्सल ठरत नाही

"पाकिटावरचा क्यूआर स्कॅन करा. हिरवी टिक आली की औषध शंभर टक्के खरं. हा कोड कॉपी होत नाही, सरकारी सर्व्हर हॅक होत नाही. बिल मागायची गरज नाही." सोलापुरात फिरणारा हा मेसेज मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि बाबांनी सात रस्त्याजवळून बीपीच्या गोळ्या बिलाशिवाय आणल्या. आता गप्प बसवत नाही.

कोड कॉपी होत नाही? अहो, क्यूआर म्हणजे चौकटीत छापलेला मजकूर. एका खऱ्या पाकिटाचा फोटो काढून तोच कोड हव्या तितक्या नकली खोक्यांवर छापता येतो आणि प्रत्येक खोकं खऱ्या बॅचची माहिती दाखवतं. त्याहून वाईट म्हणजे कोडमधली लिंक भामट्याच्या स्वतःच्या पानावर नेऊ शकते. कंपनीचा लोगो, हिरवी टिक, सगळं तिथं त्यानंच रंगवलेलं! सर्व्हरला हात न लावता काम फत्ते. म्हणून लिंक उघडण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. आणि पडताळणीच्या नावाखाली ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, तर तो सरळसरळ दरोडा आहे.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर कोड सक्तीचा आहे. पण त्या कोडमध्ये काय हवं, ते औषध नियमांतल्या नियम ९६ मध्ये वाचा: उत्पादनाचा ओळख कोड, नाव, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक. प्रत्येक पाकिटाचा वेगळा अनुक्रमांक त्या यादीत नाही. युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या बहुतेक औषधांच्या खोक्यावर असा क्रमांक असतो आणि दुकानदार औषध देताना तो रद्द करतो. तोच क्रमांक दुसरीकडे आला की यंत्रणा बोंब मारते. खरं संरक्षण असं असतं. त्या यंत्रणेचेही सर्व्हर, दुकानदारांची लॉगिन जपावीच लागतात.

सरकारी सर्व्हरचं म्हणाल, तर कोड छापतो उत्पादक आणि त्यातली माहितीही तोच भरतो, सरकारी सर्व्हर नाही. पुढं बोलायलाच नको.

मामा, मेसेज काढा. बाबा, कोडमधला बॅच नंबर आणि मुदत पट्टीवरच्या छपाईशी ताडून बघा, आणि बॅच नंबर लिहिलेलं बिल घ्याच. उद्या औषधाबद्दल शंका आली, तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रारीसोबत तेच जोडायचंय.