किरकोळ सामान

मी लातूरचा. म्हणजे २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या गावचा. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत आणि कुंडीतून गळालेलं परत बादलीत असा ज्याचा संसार झालाय, तो माणूस गेली दोन वर्षं बोटीच्या सामानात पैसे घालतोय, हे गल्लीत सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहून टाकतो.

बोट माझी नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या हिचा अजूनही विश्वास नाही. बोट मेहुण्याची, म्हणजे हिच्याच धाकट्या भावाची, आणि त्याच्या दोन दोस्तांची. त्याची शेती माजलगाव धरणाच्या कडेला, बरीचशी धरणात गेली आणि उरली ती पाण्याकडं तोंड करून बसली. तिथं त्याला पर्यटन सुचलं. कुठंतरी बोटिंग बंद पडलेलं, तिथनं तिघांनी वर्गणी करून एक जुनी पाँटून बोट उचलली, परवानग्यांसाठी वर्षभर चपला झिजवल्या आणि मग एके दिवशी मला फोन. "दाजी, बोट आमची, मोटर आमची, डिझेल-पेट्रोल आमचं. तुमी फक्त किरकोळ सामानाचं बगा. चवथे पार्टनर."

किरकोळ. मी स्टेशनरीचा दुकानदार. ज्या माणसानं पंचवीस वर्षं पेनावर नाही तर रिफिलीवर पोट भरलं, त्याला तरी हे कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. मी "बरं" म्हणलो.

ज्यांनी पाँटून बोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीसारखी होडी नसती ती. ॲल्युमिनियमचे दोन लांब बंद पाइप, त्याच्यावर आडव्या पट्ट्या, वर फळी, फळीभोवती कठडा, आत सोफे आणि मागं मोटर. पाण्यावर सोडून दिलेली ओसरीच म्हणा. १९५२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्यानं लोखंडी बॅरलांवर लाकडी फळ्या ठोकून अशी बोट केली, आणि हे ऐकल्यावर मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला, कारण आपल्याकडं पण पोरं डबे आणि सुका भोपळा पाठीला बांधूनच पोहायला शिकली. फरक एवढाच की मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. आमच्या एमएच चोवीसवर छापायचं म्हणलं तर 'दहा हजार बोअर' छापावं लागेल, आणि त्यातले लागले किती ते विचारू नये.

तर सामान. बैल घेतला की पोळा येतोच, आणि पोळ्याला नुसता बैल चालत नाही, त्याला झूल पाहिजे, गोंडे पाहिजेत, घागरमाळ, शिंगाला बेगड, नवी वेसण, नवा कासरा. बोटीचं सेम. फक्त बैलाचा पोळा वर्षातनं एकदा असतो.

पहिल्यांदा लाइफ जॅकेट आणली. ह्याच्यात मी एक रुपयाची घासाघीस केली नाही आणि हे किरकोळ सामान आहे असं कुणी म्हणलं तर भांडण होईल. वजनाप्रमाणं साइज असतो, मोठ्याचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पोरगं खालनं निसटतं, म्हणून लेकरांची वेगळी घेतली. इथपर्यंत मी शहाणा होतो.

नंतर फेंडर आलं. बोट धक्क्याला घासू नये म्हणून मधी लोंबकळत सोडायचे फुगीर डमरू. मी म्हणलं, ह्याला पैसे कशाला, मोटरसायकलचे जुने टायर बांधू. बांधले. आठ दिवसात चकचकीत पाइपावर असे काळे पट्टे उमटले की बोट चुलीवरनं उतरवल्यासारखी दिसाया लागली. मग फेंडर मागवले, आणि मेहुण्याच्या दोस्तानं ते कठड्याच्या वरच्या दांडीला बांधले. एक दणका बसला, फेंडर शाबूत आणि दांडी वाकडी. ते खाली फळीच्या लेव्हलला बांधायचे असतात. ही अक्कल फेंडरपेक्षा महाग पडली.

मग बिमिनी. बिमिनी म्हणजे छत, पाइपाच्या कमानींवर ताणलेलं कापड, पाहिजे तेव्हा उघडायचं आणि वारं सुटलं की घडी घालायचं. मला हे नंतर कळलं. आमच्या हिला तर त्याहून नंतर. मी फोनवर बोलत होतो, "बिमिनीला चाळीस हजार पाठवलेत, आता परत तिचं नाव काढू नको, घरी कळलं तर अवघडंल," आणि मागं ही चहा घेऊन उभी. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. शेवटी सख्ख्या भावानं व्हिडिओ कॉल करून बिमिनी उघडून-मिटून दाखवली तेव्हा चपातीवर तूप आलं. पण एक सांगतो, सगळ्या सामानात पैसे वसूल कशाचे झाले तर बिमिनीचेच. आपल्याकडं एप्रिलमधी ऊन ४२-४३ ला जातं, तिथं बाकीच्या सगळ्या गोष्टी सावलीनंतर.

फरशीचं पण तसंच. जुनं कार्पेट होतं, ते पाणी प्यायचं आणि मग ओल्या म्हशीचा वास सोडायचं. त्याच्या जागी फोमची मऊ शीट आली, मेहुण्यानं गडद राखाडी निवडली, मळ दिसत नाही म्हणून. मळ नाही दिसला. पण दुपारी एकला अनवाणी पाय टाकला की माणूस आपोआप नाचायचा. विणलेल्या व्हिनाईलची, ती पण फिकट रंगाची, घ्यायला पाहिजे होती, ती महाग होती म्हणून सोडली, आणि आता फोमवर सतरंजी टाकून बसतो.

कप होल्डर स्टीलचे, आत निळी लाइट. त्यात थंड्याचा डबा बसतो, पाण्याची बाटली बसते. चहाचा कटिंग ग्लास टाकला तर तळात जाऊन बसतो, बोटं घालून काढावा लागतो. तांब्या बसत नाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

आणि अॅनोड! हे मला सगळ्यात आवडलेलं सामान. ॲल्युमिनियमला पाण्यात दुसऱ्या धातूची संगत लागली की ते हळूहळू झिजायला लागतं, म्हणून पाइपाला दुसऱ्या एका धातूचा तुकडा लावतात, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. झीज सगळी तो तुकडा अंगावर घेतो, स्वतः झिजून जातो पण पाइपाला काही होऊ देत नाही. दुकानदारानं समजावून सांगितल्यावर मी म्हणलं, "म्हणजे घरातला थोरला मुलगा." तो हसला नाही. तो पण थोरलाच असणार.

आता कोजागिरीचं सांगतो. धरण काठोकाठ, चांदणं असं पडलेलं की सुई सापडावी. मेहुण्यानं सगळ्या खानदानाला बोलावलेलं. नऊ माणसं, आटवलेल्या दुधाचं पातेलं, बोटीच्या खालून निळ्या लाइटा, आणि मी मागवलेला ब्लूटूथ स्पीकर. सासूबाईंना लुगड्यावरनं जॅकेट घालायला तीन सुना लागल्या, खालचा पट्टा कुठनं घ्यायचा ह्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि घातल्यावर त्या सोफ्यावर अशा ताठ बसल्या की जणू कुणी हलवलं तर फुटतील.

मधोमध गेलो आणि अँकर टाकला. अँकर चांगला होता, मशरूमसारखा, गाळात रुतणारा. पण दोरी. पाणी जेवढं खोल त्याच्या पाचपट-सातपट दोरी सोडावी लागते, म्हणजे अँकर आडवा ओढला जाऊन धरतो. आम्ही विहिरीत बादली सोडतात तशी तळ लागेपर्यंत सोडली आणि गाठ मारली. पाँटूनला कठडे, सोफे, वरनं बिमिनी, सगळं वारं अडवणारं. बोट निघाली. कुणाला कळलंच नाही, सगळे चंद्राकडं बघत होते.

तेवढ्यात मेहुण्याच्या पोरानं स्पीकर कठड्यावर ठेवला आणि तो पडला. "वॉटरप्रूफ हाय, काळजी नको," मी म्हणलो. वॉटरप्रूफ होताच, खोक्यावर आयपीएक्स सात लिहिलेलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण वॉटरप्रूफ असणं आणि तरंगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धरण एक मीटर नाही. अभंग लावलेला, पाण्यात गेल्याबरोबर बंद, कारण ब्लूटूथ पाण्यातनं जात नाही. सासूबाई म्हणल्या, "देवाचं नाव बुडवलंस की रं."

साडेअकराला मेहुण्यानं चावी फिरवली. टिक. परत फिरवली. टिक. लाइटा, फिश फाइंडर (म्हणजे पाण्याची खोली आणि खालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र), मोबाइलचे चार्जर, सगळं एकाच बॅटरीवर, आणि ती पण ट्रॅक्टरची काढून लावलेली. ट्रॅक्टरची बॅटरी एकदम जोर लावायच्या कामाची, रात्रभर थोडंथोडं देत बसायची तिची सवय नाही. त्यासाठी वेगळी डीप सायकल बॅटरी लागते आणि दोघींच्या मधी एक स्विच, म्हणजे गाणी ऐकून एक मेली तरी घरी न्यायला दुसरी जिवंत. हा स्विच माझ्या यादीत होता. मीच काट मारली होती, एवढ्याशा डबीला एवढे पैसे कामून म्हणून.

अंधारात बोट बाभळीच्या शेंड्यांकडं सरकायली. फिश फाइंडर त्याआधी खोली कमी-कमी दाखवत होता, आम्हाला वाटलं मासे वाढायलेत.

वाचवलं कुणी, तर थर्माकोलवाल्या मासेमारानं. आपल्या धरणांवर बघितलं असंल, थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवायचे, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातात थाळीएवढ्या फळ्या घेऊन पाणी मागं सारायचं. तो आला, आमच्या निळ्या बोटीकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि विचारलं, "बंद पडली व्हय?" दोरीचं टोक घेऊन काठाला गेला. दोरी पुरेना म्हणून मधी बैलाचा कासरा जोडला. तिकडनं ट्रॅक्टरनं ओढलं. ज्या ट्रॅक्टरची बॅटरी आमच्याकडं होती तो नाही, शेजाऱ्याचा. मासेमारानं पैसे घेतले नाहीत, दोन ग्लास दूध प्याला आणि जाताना म्हणला, "पाव्हणं, तुमच्याकडं लई सामान हाय."

दुसऱ्या दिवशी स्विच घेतला, दुसरी बॅटरी घेतली, छतावर छोटं सोलर पॅनल टाकलं. तांब्याचा, म्हणजे धातूच्या तांब्याचा, अंश असलेला रंग पाइपाला मारू नका, ॲल्युमिनियम खातो, हे तेवढं वेळेत कळलं म्हणून एक खर्च वाचला. पाच पायऱ्यांची शिडी लावली, ती लई मोठी गोष्ट आहे, पाण्यातनं वर यायला गुडघेवाल्या माणसाला दुसरा उपाय नाही. आमच्या हिच्या सांगण्यावरनं कोपऱ्यात पडद्याचं टॉयलेट आलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच बायका दोन तासांच्या वर बोटीवर थांबाया लागल्या. मेहुण्याचं मन मात्र मोठ्या कामांवर. त्याला मधोमध तिसरा पाइप टाकायचाय, म्हणजे बोट वर उचलती आणि मोठी मोटर लावता येती. फळीच्या खालनं पत्रा मारायचाय, म्हणजे पट्ट्यांवर पाणी आदळून वेग कमी होत नाही. आणि ती पुढची इलेक्ट्रिक मोटर पाहिजे, जीपीएसवर जागा धरून आपोआप उभी राहणारी, अँकरच नको. तिची किंमत ऐकून मी म्हणलं, एवढ्या पैशात मी स्वतः बोट धरून उभा राहतो. गावातल्या वेल्डरला तिसऱ्या पाइपाचं विचारलं तर त्यानं पाइपावर टिचकी मारली, "ॲल्युमिनियम आपल्याकडं न्हाई, आरगॉन लागतंय," आणि परत ट्रॉलीच्या फाळक्याकडं वळला. त्या दिवशी त्याच्या पायाला हात लावावा वाटला.

ह्या वर्षी पाणी लवकर उतरलं. मेहुणा लग्नसराईत, दोस्त ऊस घालवण्यात, आणि बोट खोल पाण्यात कुणी न्यायची ह्यावर तिघांत रोज फोन. फोन चालू होते तोवर बोट टेकली. माजलगावात १४२ दलघमी (दशलक्ष घनमीटर) मृतसाठा धरलेला आहे, म्हणजे धरण कागदावर शून्य झालं तरी मधी पाणी असतं, पण आमची बोट त्या पाण्यापासून फर्लांगभर लांब गाळात. फिश फाइंडरवर नुसत्या आडव्या रेघा.

आणि पाणी हटलं की गाळपेर. शेजारच्या आबांनी बोटीच्या चारी बाजूंनी टरबूज लावले, बोटीला धक्का न लावता, पाइपाच्या अगदी कडेपर्यंत. मी मार्चात गेलो तर वेल पायऱ्यांवर चढलेले, पाच पायऱ्यांच्या शिडीवर तिसऱ्या पायरीला एक टरबूज, आणि वर बिमिनीखाली सोफ्यावर आबा आडवे, पाय फेंडरवर. रात्री डुकरं आली की खालच्या निळ्या लाइटा लावतात, डुकरं थांबत नाहीत म्हणे. सोलरनं बॅटरी भरलेली. मोबाइल चार्जिंगला. गावातली चार पोरं पण चार्जिंगला तिथंच. मशरूम अँकरला कुत्रं बांधलेलं. पडद्याच्या टॉयलेटात खताची पोती.

मी काय बोलणार. आबांनी एक टरबूज फोडून दिलं, खाल्लं, गोड होतं, लातूरला आलो.

काल रात्री त्यांचा फोन. आवाज जरा अवघडलेला, मागायची सवय नसलेल्या माणसाचा. "पाव्हणं, झोपलाव का? एक किरकोळ काम व्हतं. ते लाइटीचं भोक हाय ना बाटली ठिवायचं, त्यात तांब्या बसंना बगा. जरा मोठं बसवून द्या की."