कुंकवाचं ताट आणि आतल्या खोलीतल्या आज्या

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देते. यंदा पंचवटीतल्या आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिला मान वयाने सगळ्यांत मोठ्या बाईला दिला, ती विधवा असली तरी, आणि मग आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं, ‘म्हाताऱ्या बायकांना औषधपाणी हवं, हातात पैसा हवा. ज्या प्रथेने त्यांना हिणवलं तिलाच कसली रंगरंगोटी करता?’

पैशाचं अगदी खरं. श्रावणबाळ योजनेच्या १,५०० रुपयांत महिना निघत नाही. पण माझ्या आजीचं दुखणं पैशाचं नव्हतं. संक्रांतीला सुगडं तीच धुवून पालथी घालायची, उसाचे करवे तीच करायची, तिळगुळाचा पाक तर तिच्याशिवाय कुणाला साधत नसे. बायका यायला लागल्या की मात्र ती आतल्या खोलीत जायची. कुणी ‘जा’ म्हणत नसे. ताट त्या दारापर्यंत जाऊन माघारी वळायचं. चारचौघींत, सणाच्या दिवशी झालेला हा अपमान पेन्शनने कसा भरून निघेल? जिथे मान काढून घेतला, तिथेच तो परत द्यायला हवा.

मेल्यावरही हीच विभागणी. पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमीला रामकुंडावर बघा, अविधवा नवमीचा तो दिवस सवाष्ण गेलेल्या बायकांचा. नवऱ्यामागे एकटीने संसार ओढला, तिच्यासाठी असा वेगळा दिवस नाही.

आणि प्रथा बदलतात हो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं.

आमच्याकडे जबरदस्ती नव्हती. एका आजींनी कपाळ मागे घेतलं. मग त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून सगळ्या पाया पडल्या.

ओव्यांना तुम्ही ‘कष्टांचं कौतुक’ म्हणालात, ते मला पटलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या जमल्या, त्याही गाणारीच्या नावागावासकट. त्यांत सासुरवास आहे, माहेर आहे, सीतेचा वनवास आहे. सीतागुंफेच्या शेजारी राहून मला ती सीता ओव्यांमधूनच कळली, कारण तिथे बायका तिची बाजू घेऊन बोलतात. दळण्याचे कष्ट गिरणी आल्यावर सुटले, ते बरंच झालं. पण ही कविता आजीची स्वतःची आहे. ती तिच्या नावानिशी लिहून ठेवायला नको?

आरोग्य तपासणीची तुमची सूचना पुढच्या वर्षी नक्की अमलात आणू, कुंकवाच्या ताटासोबतच. तुम्ही नाशिकच्याच असाल तर आधीच या. गल्लीतल्या दोन आज्यांचे श्रावणबाळचे अर्ज भरायचे आहेत, उत्पन्नाचे दाखलेही काढायचे आहेत.