‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जपानमध्ये शोभेच्या दारूच्या गोळ्यांसाठी कागदाचे अर्धगोल हाताने कसे घडवत, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने पुढची प्रतिक्रिया आली आहे. ती पूर्ण देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं व्हायला नको.

“लेख वाचला. जे अर्धगोल यंत्रावर ढिगाने निघतात ते हाताने चिकटवत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. मापं कुठे जपानी तर कुठे सेंटिमीटरमध्ये, वाचणाऱ्याने काय समजायचं? असल्या लेखांनी पोरं घरात बॉम्ब करायला बसतील. आणि प्रदूषणाचं काय?”

मापांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. जपानी सुन म्हणजे सुमारे ३.०३ सेंटिमीटर आणि दहा सुनांचा एक शाकू. गोळ्याचा आकार हल्ली ‘गो’मध्ये सांगतात, आणि १० गोचा गोळा म्हणजेच जुना शाकूचा गोळा, साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचा. लेखात आता सगळीकडे सेंटिमीटर केले आहेत. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’. टीका करायला माझी कधीच ना नव्हती. खळ पातळ आहे, पट्ट्या रुंद कापल्यात, सांधा नीट बसला नाही, असं काही लिहिलं असतंत तर मी रात्री जागून उत्तर दिलं असतं. तुम्ही कागदाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. करणाऱ्याच्या वेळेचा हिशेब मांडलात आणि निकाल देऊन मोकळे झालात. समोरासमोर बसलो असतो तर हे वाक्य तुमच्या तोंडून आलं असतं का? मला नाही वाटत.

माझ्या वडिलांचं साताऱ्यात बाइंडिंगचं दुकान होतं. मैद्याची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, गाठी राहू नयेत म्हणून फडक्यातून गाळायची, हे काम आम्हा भावंडांकडे असे. गिऱ्हाइकाची वही महिन्याभरात वाकडी झाली तर वडील पहिला प्रश्न विचारत: पुठ्ठ्यावर कागद आडवा लावला की उभा? कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने असतात. ओला झाला की तो धाग्याच्या दिशेने फारसा वाढत नाही, आडव्या अंगाने फुगतो, आणि वाळताना तेवढाच आखडतो. धागा ओळखायची रीत सोपी आहे. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा, त्याची सुरळी होऊ लागेल आणि त्या सुरळीची लांबी धाग्याच्या दिशेने असेल. फाडून पाहिलात तर धाग्याच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, वडिलांच्या हाताखाली मार खात शिकलो. त्या कामाला कोणी रिकामटेकडं म्हटलेलं मी तेव्हा ऐकून घेतलं नसतं आणि आजही घेणार नाही.

सपाट कागद गोलावर चुणी न पडता बसत नाही. कितीही ओला करा, कितीही दाबा, बसत नाही. जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं की पृष्ठ न ताणता, न आखडता वाकवलं तर त्याची मूळ वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ती शून्य, गोलाची शून्य नाही, मग एकावर दुसरा बसणार कसा? म्हणून पट्ट्या कापाव्या लागतात. १५ सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल घ्या. त्याच्या कडेचा घेर होतो सुमारे ४७ सेंटिमीटर. बारा पाकळ्या करायच्या तर प्रत्येक पाकळी कडेला ३.९ सेंटिमीटर रुंद, माथ्यापासून कडेपर्यंत ११.८ सेंटिमीटर लांब, आणि माथ्याकडे टोकदार. तिच्या बाजू सरळ रेषेत कापल्या तर मधल्या भागात फटी राहतात. त्यांना किंचित पोट ठेवावं लागतं. पृथ्वीगोल करणाऱ्यांनाही हेच करावं लागलं. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचा १४९२ चा बेहाइमचा पृथ्वीगोल दोन अर्धगोल जोडूनच केलेला आहे आणि त्यावरचा नकाशाही पाकळ्यापाकळ्यांनीच चढवलेला आहे. तेही रिकामटेकडेच का?

पहिला थर साच्याला चिकटू नये म्हणून आधी साच्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून बसवायचा. दुसऱ्या थराच्या पाकळ्या पहिल्याच्या सांध्यावर आल्या पाहिजेत, सांध्यावर सांधा आला की तिथे अर्धगोल कमजोर. खळ दोन्ही अंगांना लावायची, कागद मऊ पडेपर्यंत थांबायचं आणि मग अंगठ्याने माथ्याकडून कडेकडे हवा काढत न्यायची. आणि वाळवायचा सावलीत. घाईने उन्हात ठेवलात तर बाहेरचा थर आधी आखडतो, आतला ओलाच राहतो आणि कड आत वळते. मग दोन अर्धगोल एकमेकांना कधीच मिळत नाहीत.

तुम्ही म्हणता यंत्रावर ढिगाने निघतात. निघतात की. आज बहुतेक कारखाने साच्यात दाबलेले तयार अर्धगोलच वापरतात, आणि हे माझ्या लेखात लिहिलेलं आहे, तुम्ही तिथवर वाचलं नसावं. पण दोन अर्धगोल मिळवले की गोळा झाला असं नाही. त्यावर कागदाच्या पट्ट्यांचं वेष्टण चढतं, एकसारखं, सगळीकडून. मोठ्या गोळ्यांवर ते आजही हाताने चढवतात. का? आकाशात फूल गोल उमलायचं असेल तर कवच सगळ्या बाजूंनी एकाच क्षणी फुटलं पाहिजे. एक बाजू कच्ची राहिली तर गोळा तिथून आधी उघडतो आणि फूल लांबट होतं. जपानमधल्या ओमागारीला १९१० पासून आतषबाजीची स्पर्धा भरते. तिथले परीक्षक फुलाची गोलाई बघतात, आणि ती गोलाई दारूइतकीच खळीवर आणि कागदावर उभी असते.

जपानच्या निइगाता भागातल्या एका कारखान्यात मला फक्त कागद लावायच्या खोलीत जाऊ दिलं होतं, दारूच्या खोल्यांकडे फिरकायलाही मनाई होती, आणि ते योग्यच होतं. तिथे सत्तरीच्या पुढच्या एक बाई पट्टी लावायच्या, गोळा फळीखाली घेऊन दोन्ही तळव्यांनी गरागरा लोळवायच्या, कानाजवळ नेऊन बोटाने वाजवायच्या. पोकळ आवाज आला की तिथे हवा राहिली आहे. मग तेवढीच पट्टी ओली करून उचलायची आणि पुन्हा बसवायची. त्यांच्याकडे बघून मला वडील आठवले. वडीलही पुठ्ठा असाच नखाने वाजवून बघायचे. त्याच भागात, ओजियाजवळच्या काताकाई गावात, सप्टेंबरच्या ९ आणि १० तारखेला चार शाकूचा गोळा उडवतात. व्यास साधारण १२० सेंटिमीटर, वजन सुमारे ४२० किलो. त्यावरचा कागद माणसांनी हाताने लावलेला असतो. तिथे जाऊन त्यांना सांगा तुमचं ते वाक्य.

बॉम्बबद्दल. माझ्या लेखात दारू, वात, भरणं यांचं एक अक्षरही नाही, पुन्हा वाचा. माझे अर्धगोल रिकामे असतात आणि रिकामेच राहतात. त्यांचे मी दिवाळीला आकाशकंदील करतो, आणि मुलीसाठी एक पृथ्वीगोल करायला घेतला आहे. दारूकाम हे परवाना असलेल्या कारखान्याचंच काम, घरचं नव्हे. जपानमध्ये त्यासाठी १९५० चा कायदा आहे, आपल्याकडे १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे नियम. परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. मी साताऱ्याकडचा आहे. जत्रेतले औट, म्हणजे मोठ्या आवाजाचे दारूचे बार, आणि ते भरताना होणारे अपघात मला ऐकीव नाहीत. आमच्या आळीतला एक माणूस त्यात हात गमावून बसला. तेव्हा हे मला शिकवू नका. खळ आणि कागद यांवरचा लेख वाचून कोणी बॉम्ब करील, असं म्हणायचं असेल तर मग बाइंडिंगची दुकानंही बंद करावी लागतील.

प्रदूषण हा वेगळा विषय आहे. तो कागदाच्या अर्धगोलांच्या लेखाखाली काढून काय साधतं ते मला कळलं नाही. त्यावर स्वतंत्र लिहा, वाचीन.

पुन्हा प्रतिक्रिया द्यायची असेल तर जरूर द्या, काढून टाकणार नाही. पण त्याआधी एक अर्धगोल करून बघा. जुनी वर्तमानपत्रं आणि वाटीभर मैदा एवढंच लागतं, साचा म्हणून घरातला चेंडू चालेल. वाळल्यावर कड पाटीवर उपडी ठेवून बघा, ती सगळीकडून टेकते का. टेकली नाही तर कुठून उचलली गेली आहे ते लिहा, आपण त्यावर बोलू.