‘ज्याला दारू सोडायची तो एका रात्रीत सोडतो’ हे खरं नाही

एक मजकूर व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. त्याचा सारांश असा: व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा. ज्याला दारू सोडायची तो एका रात्रीत सोडतो, बाकीच्यांपुढे समुपदेशकांनी कितीही डोकं फोडलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. बक्षिसं देऊन व्यसन सोडवणं ही लाच. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला पुन्हा प्यायला की उपचार फसले. त्यापेक्षा जेवणातून गुपचूप औषध द्या.

आधी निर्धाराचं बघू. व्यसनी माणूस निर्धार करत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्या घरच्यांना विचारावं. आईच्या पायावर डोकं ठेवून, मुलाची शपथ घेऊन, माळ घालून तो सोडतो, आणि त्या क्षणी अगदी मनापासून सोडतो. पण निर्धार सकाळचा असतो आणि तलफ संध्याकाळी येते. वर्तनोपचाराचं, म्हणजे सवयी आणि वागणं बदलणाऱ्या उपचाराचं, सगळं काम ह्या मधल्या तासांवर चालतं. समजा शनिवारी पगार झाला. खिशात रोकड, सकाळी घरात झालेलं भांडण अजून डोक्यात, पोटात भूक, वाटेवर गुत्ता आणि दारात उभा ओळखीचा मित्र. समुपदेशक ह्यातलं एकेक कारण त्या माणसाकडूनच काढून घेतो, वहीत लिहायला लावतो. मग बारीकसारीक गोष्टी ठरतात. पगाराच्या दिवशी भाऊ कामाच्या जागी न्यायला येईल. घरी यायचा रस्ता बदलायचा. निघण्याआधी काहीतरी खाऊन घ्यायचं. मित्राने हात धरला तर नेमक्या कोणत्या शब्दांत नाही म्हणायचं, ह्याची चक्क तालीम होते. तलफ लाटेसारखी चढते आणि न प्यायलं तरी ओसरते, हे तोपर्यंत त्याने कधी अनुभवलेलंच नसतं, कारण प्रत्येक वेळी ती ओसरायच्या आत ग्लास हातात आलेला असतो.

समुपदेशक ‘डोकं फोडतात’ ही समजूतही चुकीची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांशी बोलण्याची जी रीत मांडली, तिचा पाया उपदेश टाळण्यावर आहे. ‘पोरांचे हाल दिसत नाहीत का?’ असं विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘पिण्यामुळे तुमचं काय काय सुटलं?’ असं विचारून गप्प बसलं, तर थोड्या वेळाने तोच सांगू लागतो. सोडण्याचं कारण स्वतःच्या तोंडून आलं की ते त्याचं स्वतःचं होतं.

आता ‘लाच’. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले संशोधक स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या ४० रुग्णांचे दोन गट केले. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. एका गटाला मात्र लघवीच्या तपासणीत कोकेन न आढळल्यास वस्तूंसाठी व्हाउचर मिळत, रोख पैसे नाहीत. १९९४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: २४ आठवड्यांचा उपचार व्हाउचरच्या गटात ७५ टक्क्यांनी पूर्ण केला, दुसऱ्या गटात ४० टक्क्यांनी. नशेचं सुख लगेच मिळतं, न करण्याचं सुख महिनोन् महिने दिसत नाही. ती पोकळी भरायला हातात आजच काहीतरी पडावं लागतं. लाच चुकीच्या कामासाठी देतात. इथे माणूस नशेपासून दूर राहिल्याचं मोल मिळवतो.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो ‘पुन्हा प्यायला की फसलं’ हा मुद्दा. उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतही आजार उलटण्याचं प्रमाण ह्याच्या आसपास किंवा जास्तच असतं, पण दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. अमेरिकेतल्या सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी दाखवून दिलं की पहिल्या घोटापेक्षा घातक असतो तो त्यामागून येणारा विचार: ‘आता सगळं संपलंच, मग पुरतंच पिऊ.’ घरचेही तेच म्हणाले की तो विचार पक्का होतो. म्हणून तर चांगल्या केंद्रांत पाठपुराव्याला इतकं महत्त्व असतं. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ मध्ये गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) रुग्णांसाठी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही केंद्रातला मुक्काम ही सुरुवातच मानतात. आणि उपचार निरुपयोगी म्हणताना एवढंही बघा: एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळाला होता.

जेवणातून औषध अजिबात देऊ नका. डायसल्फिरामसारखी दारू सोडवण्याची गोळी पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवही जातो. गोळी घेतली आहे हे माहीत असलेला माणूस दारू टाळतो. ज्याला माहीतच नाही, तो कसा टाळणार?

त्या मजकुरातला एक धागा खरा आहे: नुसतं बोलून सगळं भागत नाही. गर्द किंवा हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं समुपदेशनाच्या जोडीला लागतात. हेरॉइनची नशा काही आठवडे बंद ठेवून पुन्हा जुन्याच मात्रेत केली तर शरीराला ती झेपत नाही आणि मृत्यू ओढवू शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून सोडण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. केंद्र कुठे आहे ते १४४४६ ह्या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतं. पण हातपाय थरथरत असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.