दत्तक मुलांविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

‘बार्देशातल्या चर्चकडे अनाथ मुले आहेत, थेट दत्तक मिळतील’ असा गोव्यातील बार्देश तालुक्याविषयीचा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहे. तो खोटा आहे. चर्चची मंडळी आजी-मावशीच्या आसऱ्याने गरिबीत वाढणाऱ्या पोरक्या मुलांना जूनमध्ये वह्या-छत्र्या आणि दर महिन्याला पेजेपुरते उकडे तांदूळ पोहोचवतात. मूल कोणाच्या स्वाधीन करण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि तसा कधी दावाही केलेला नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अनाथ मूल दत्तकयोग्य असल्याचे बालकल्याण समिती जाहीर करते, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. संदेशातील छायाचित्रात दिसणारी, गणवेशातली मुलगी आपल्या आजीकडेच राहते (आजीला हा प्रकार शेजाऱ्यांकडून कळला, हे विशेष क्लेशदायक), म्हणून ते छायाचित्र कृपया पुढे पाठवू नये.