कबुतरं आणि पिंकर्टन

आमच्या दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, मत नसलेला माणूस बघवत नाही. अळूच्या फदफद्यात मुळा घालावा की नाही, यावरसुद्धा तो समोरच्याला अर्धा तास उभा करतो. मला मतं उशिरा होतात. होईपर्यंत मी दादाची वापरतो. त्यात नुकसान झालं ते एकदाच, आणि ते अजून चालू आहे.

१९९६ साली मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचो. सर चहाला गेले की आम्ही विंडोज ९५ ची सीडी उघडायचो. मायक्रोसॉफ्टने तिच्यात वानगीदाखल वीझर नावाच्या अमेरिकन बँडच्या एका गाण्याचा व्हिडिओ टाकला होता. काडेपेटीएवढ्या चौकटीत चार पोरं एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या हॉटेलात शिरून गिटारी बडवायची. अल्टरनेटिव्ह रॉक हे शब्दही मी ऐकले नव्हते, पण त्या एका गाण्यावर मी स्वतःला वीझरचा चाहता म्हणवून घेत होतो. क्लासचे पैसे वसूल झाले ते एवढ्यावरच.

त्या हिवाळ्यात दादा अमेरिकेहून आला. तिथे तो एमएस करत होता. सामानातून त्याने एक सीडी काढून माझ्याकडे भिरकावली. वीझरचा दुसरा अल्बम, पिंकर्टन. "ठेव तुला. पहिला काय होता, आणि आता हे! माती खाल्ली लेकाच्यांनी."

"हो ना," मी म्हणालो. सीडीवरचं प्लॅस्टिकही मी अजून काढलं नव्हतं. पण अमेरिकेहून आलेल्या माणसाचं मत त्या काळी कस्टममधून सुटून आलेलं असायचं, त्याला परत कोण उघडून बघणार?

दादा गेल्यावर मी ती बाबांच्या थ्री-इन-वनमध्ये लावली. पहिल्या गाण्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. आई अजून सगळं वाचते. सुरुवातीलाच असा काही कर्कश घरघराट झाला की ती आतून ओरडली, "मिक्सर बंद करा रे कोणीतरी!" दहावं, शेवटचं गाणं मात्र नुसत्या साध्या गिटारीवरचं. ते ऐकून ती पदराला हात पुसत बाहेर आली. "हे बरंय. दमला वाटतं बिचारा." मग तिने कव्हर हातात घेतलं. त्यावर हिरोशिगेचं कांबारा गावाचं जुनं जपानी चित्र आहे: रात्र, डोंगर, बर्फ, आणि वाकून चाललेली दोन-तीन माणसं. "किती थंडी वाजत असेल यांना," एवढंच म्हणून ती पोळ्यांकडे गेली. या अल्बमवरचं इतकं थेट मत मी पुढे कुठेही ऐकलं नाही.

मला तर तो अल्बम भयंकर आवडला होता. पण मत आधीच देऊन झालं होतं.

तसा दादा काही एकटा पडला नव्हता. १९९४ चा पहिला अल्बम घासूनपुसून लख्ख केलेला होता. दुसरा बँडने स्वतःच निर्माता होऊन काढला, तो सगळा ओरखडे ठेवून. गाणारा रिव्हर्स क्वोमो मध्यंतरी हार्वर्डला शिकायला गेला होता. एक पाय आखूड म्हणून त्याने तो लांब करायची शस्त्रक्रिया करून घेतली होती, पायाला सळ्यांचा सांगाडा लावून. त्या पायाने बर्फातून वर्गात जायचं आणि खोलीवर येऊन गाणी लिहायची. लोकांना हवा होता तो हॉटेलातला धिंगाणा, आणि हाती आली एका रडव्या पोराची डायरी. नावसुद्धा कुणाचं, तर पुच्चिनीच्या ऑपेरात जपानी मुलीशी लग्न करून तिला टाकून जाणाऱ्या आरमारी अधिकाऱ्याचं! त्यात त्याच नावाची डिटेक्टिव्ह कंपनी कोर्टात गेली. कोर्टाने बंदी कायम ठेवली नाही. ते काम श्रोत्यांनी केलं. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत अल्बम एकोणिसावर आला आणि मग घसरला. रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकाच्या वाचकांनी तर त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. पुढे पुढे खुद्द क्वोमोच त्याला नावं ठेवू लागला.

एवढी भक्कम फळी पाठीशी असल्यावर मी "माती खाल्ली" हे मत बिनधास्त वापरलं. कॉलेजच्या कट्ट्यावर वापरलं, पहिल्या नोकरीत वापरलं. बायको बघायला गेलो तेव्हा "गाणी आवडतात का?" या प्रश्नालाही तेच. तिने लताबाईंबद्दल विचारलं होतं.

आणि एक दिवस वारं फिरलं. २००२ साली त्याच मासिकाच्या वाचकांनी हाच अल्बम सर्वकालीन सर्वोत्तम अल्बमांत सोळावा ठरवला. मासिक तेच, पस्तीस मिनिटंही न भरणारी गाणी तीच. २००४ मध्ये मासिकाने पाच तारेही देऊन टाकले. त्याच सुमारास एका पार्टीत मी सवयीने माती खाल्ली म्हणालो, तर एका पोराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वरणात चप्पल बुडवली.

२०१० च्या शेवटी बँडने दौरा काढला, एका रात्री पहिला अल्बम पूर्ण, दुसऱ्या रात्री पिंकर्टन पूर्ण. दादा दुसऱ्या रात्रीला गेला आणि कार्यक्रम संपल्यासंपल्या मला फोन केला. "रडलो रे मी! तुला तेव्हाच सांगितलं होतं की नाही, काळाच्या पुढचं आहे म्हणून?"

"तू माती खाल्ली म्हणाला होतास."

"मी? ते तू म्हणालास. मला चांगलं आठवतंय."

बरं, आता मत बदलून घ्यावं, तर लेक सतरा वर्षांची झाली. परवा कानातलं एक बोंडुक काढून म्हणाली, "बाबा, पिंकर्टन ऐकलायस? गाणी जबरी आहेत. पण हा माणूस जरा विचित्रच आहे हं. जपानमधल्या मुलीने साधं चाहतीचं पत्र पाठवलं, तर हा त्यावर एवढा पाघळतो?"

तेही पटलं. म्हणजे आता माझ्याकडे तीन मतं झाली आणि तिन्ही दुसऱ्यांची.

गेल्या महिन्यात दादा आला. चप्पल काढायच्या आत म्हणाला, "ती सीडी कुठंय? पहिल्या आवृत्तीची आहे ती!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. शेवटी आईनेच बाल्कनीकडे बोट केलं. कबुतरांना पळवायला तिथे दोऱ्याने चार सीड्या टांगल्या आहेत. त्यातली तिसरी पिंकर्टन. तिच्या शेजारीच कठड्यावर दोन कबुतरं गळ्यात गळा घालून बसली होती.

दादाने ती हळुवार सोडवली, शर्टाने पुसली आणि थ्री-इन-वनमध्ये लावली. मिक्सर सुरू झाला. आई सवयीने उठली आणि परत बसली. तिसऱ्या गाण्यात सीडी अडकली. एकच तुकडा, तोच, पुन्हा तोच, पुन्हा. दादाचे डोळे मिटलेले, मान हलतेय.

"दादा, अडकलीय ती."

"शू! हाच तो कच्चेपणा. हे लोकांना तेव्हा कळलंच नाही रे."

"हो ना," मी म्हणालो.