न्यू पॅलेस दाखवता, मग टाऊन हॉल का नाही?

कोल्हापुरात पाहुणे आले की आपली फेरी ठरलेली. अंबाबाई, रंकाळा, मिसळ, आणि सोबत पोरं असली तर न्यू पॅलेस. तिथले पेंढा भरलेले वाघ-अस्वलं बघून पोरं खूश. माझी त्याला ना नाही. पण सीपीआर रुग्णालयाच्या समोर बागेत उभं असलेलं टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय या फेरीत का नसतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

न्यू पॅलेसमध्ये आपण राजांचं वैभव बघायला जातो. टाऊन हॉलमध्ये आहे ते आपल्या पायाखालून निघालेलं. ब्रह्मपुरी आपल्याला माहीत आहे ती पंचगंगेकाठचं एक टेकाड म्हणून. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं आणि खाली सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. ब्रह्मपुरीच्याच काशाच्या वस्तूंमध्ये हत्तीवर बसलेली माणसं आहेत, आणि पोसायडनची एक छोटीशी मूर्ती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र सह्याद्रीपलीकडं, आणि देव पंचगंगेच्या काठावर!

तो इथं आला तो रोमशी चाललेल्या व्यापारातून. जहाजानं कोकणच्या बंदरात आणि तिथून घाट चढून वर, असाच आला असणार. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावात परदेशी माल विकत घेणारी माणसं होती. (आपण मात्र पुण्याहून काही आणलं तरी चार जणांना सांगतो.) कोल्हापुरात सापडलेल्या, धनुष्यबाण असलेल्या 'कुर' राजांच्या नाण्यांवर विळिवायकुर हे नाव आहे. टॉलेमीनं ज्याला बलिओकुरोस म्हटलं तो हाच, असं अभ्यासक मानतात. इजिप्तमध्ये बसून भूगोल लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडचा राजा ठाऊक होता!

इमारतीबद्दल तर बोलायलाच नको. १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली, आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे न्यू पॅलेस ज्यानं काढला त्याचाच. आत आबालाल रहमान यांची चित्रं आहेत. त्यांच्यासाठी वेगळी चक्कर मारा, घाईत बघू नका.

नवं चकाचक म्युझियम बांधा, असं काही जण म्हणतात. मला ते नको. पोसायडनशेजारी भिंतभर एक नकाशा लावा: रोम, तांबडा समुद्र, कोकण, घाट, ब्रह्मपुरी. आणि शाळांच्या सहली आधी ब्रह्मपुरीवर न्या, मग टाऊन हॉलला. वाघ कुठं पळून जात नाहीत, ते दुपारी बघता येतील.